पॅरलल पार्किंग : खुणा पाठ कराव्यात की आरसा वाचावा?

टेस्ट तोंडावर आली की क्लासचे सर पाढ्यासारखं म्हणून घेतात : "मागच्या काचेत खांब दिसला की डावीकडे फुल, मग सरळ, मग उजवीकडे फुल." घरी बाबा किंवा दादा शिकवत असतील तर वेगळंच ऐकू येतं : आरशात बघ, कोन बघ, घाई करू नकोस. रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी दोन्हींनी बसते. तुम्ही कुठली पद्धत धरायची, हे माझ्या मते एका प्रश्नावर ठरतं : टेस्टला गाडी कोणाची नेणार?

क्लासचीच नेणार असाल आणि हातात आठवडाच उरला असेल, तर खुणा पाठ करा. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. आठच्या आकड्याचं वळण, एच आकाराची वाट आणि चढ यांच्या जोडीला पार्किंग असतं आणि तिथे हातपाय गार पडतात. पाठ केलेली खूण अशा वेळी निम्मं काम करते. नापास झालात तर पुन्हा टेस्ट द्यायला किमान सात दिवस थांबावं लागतं, आणि तीनदा नापास झाल्यावर तर साठ दिवस. तेव्हा घोकंपट्टीला नाक मुरडू नका.

पण खूण बांधलेली असते ती गाडीशी आणि तुमच्या बैठकीशी. तुमच्या आधी कोणी उंच माणूस शिकून गेला आणि सीट दोन खाचे मागे राहिली, की तोच खांब काचेत भलतीकडे दिसतो. म्हणून स्टिअरिंगला हात लावण्याआधी सीट आणि आरसे आपल्या मापाचे करून घ्या. क्लासची वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब, घरची ब्रेझा ३९९५. म्हणजे वितीपेक्षा जास्त फरक. एकीच्या खुणा दुसरीवर लावल्या की टायर फुटपाथला घासलाच म्हणून समजा.

घरची गाडी नेणार असाल तर पहिल्या दिवसापासून आरसा. पुढच्या गाडीला समांतर, साधारण हाताच्या अंतरावर थांबा. तिची आणि आपली डिकी एका रेषेत येईपर्यंत सरळ मागे जा, मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण. आता उजव्या आरशात बघा : मागच्या गाडीचं अख्खं तोंड दिसलं की कोन झाला. चाकं सरळ करून मागे जा. आपल्या बोनेटचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या बंपरमधून सुटला की उजवीकडे पूर्ण. डावा आरसा थोडा खाली झुकवलात तर मागचं चाक आणि कड दोन्ही एकत्र दिसतात. हात झपाझप चालवा, गाडी मात्र हाफ क्लचवर मुंगीच्या पावलांनी. सुरुवातीला बहुतेकांचं नेमकं उलट होतं. आणि मागचा कॅमेरा असेल तर सरावात त्यावर फडकं टाका.

आरशाची पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण तो तुमच्याकडे असतो. लर्निंगनंतर पक्क्या टेस्टला किमान तीस दिवस जावे लागतात आणि लर्निंग सहा महिने चालतं. अडचण वेगळीच आहे. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखाली ब्रेक असतो, घरच्या गाडीत फक्त बाबांचा आवाज. शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीवर लाल 'एल' हवाच, तो कायदाच आहे. तरी पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, वाळू भरलेल्या डब्यांत काठ्या रोवून सराव करा. शेजाऱ्यांच्या गाड्यांमध्ये नंतर.

दोन्ही करायला वेळ असेल तर आधी आरसा, शेवटच्या दोन-तीन दिवसांत खुणा. उलट क्रम लावू नका. खुणेची सवय लागली की मान आरशाकडे वळत नाही. पेठेत एकेरी रस्त्यावर सम-विषम तारखेमुळे गाडी उजव्या बाजूला लावायची वेळ येते, तेव्हा डावीकडच्या सगळ्या खुणा बिनकामाच्या ठरतात.