चेहऱ्याचं इलेक्ट्रोलिसिस: दुखतं किती, आणि कमी कशानं होतं (बडोद्यातला वर्षभराचा अनुभव)

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे केसाच्या मुळात सुई घालून विजेनं केस काढणं. आधी निकाल सांगून टाकते. दुखतं. ज्यांना पार्लरमध्ये ‘काही कळतच नाही’ असं सांगतात, त्यांनी त्यावर जाऊ नये. पण सोसवेल इतपत ते आणता येतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा सुई धरणाऱ्या हाताचा. बधिर करणारं क्रीम त्यानंतर येतं.

माझं कारण नेहमीचंच, पीसीओडी, म्हणजे हार्मोन्सची गडबड. हनुवटीवर जाड केस, अप्परलिप, आणि कॉलेजपासून थ्रेडिंग. मध्ये लेझर करून पाहिलं. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं, त्यामुळे पांढरे झालेले केस तसेच राहिले. शिवाय आपल्याकडच्या बायकांना चेहऱ्यावर लेझरनंतर कधीकधी उलट जास्त केस येतात, तसे मला जबड्याच्या कडेला आले. इलेक्ट्रोलिसिसला केसाच्या रंगाशी देणंघेणं नाही. एकेका मुळात सुई घालून वीज सोडायची, बस. प्रकार जुना आहे. १८७५ साली चार्ल्स मिशेल नावाच्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळलेल्या पापण्यांच्या केसांसाठी तो वापरला. ‘पापणीला चालतं ते ओठाला का नाही चालणार?’ असं म्हणून माझं इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या बेन मला धीर द्यायच्या. तरी ओठानं रडवलंच, ते पुढे येईल.

दुखण्याचे दोन प्रकार आहेत आणि कुणाला कोणतं सोसेल ते सांगता येत नाही. थर्मोलिसिसमध्ये मूळ उष्णतेनं जळतं. क्षणभराचा चटका, ‘आई गं’ म्हणेपर्यंत संपलेला. गॅल्व्हॅनिकमध्ये विजेमुळे मुळापाशीच अल्कली तयार होते आणि ती मूळ खाते. हे सावकाश चालतं, चुरचुर वाढत जाते. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडला एका हातात ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची दांडी धरावी लागते, अंगठ्या-बांगड्या काढून. मला एकदम बसणारा चटका परवडतो, त्यामुळे बहुतेक काम थर्मोलिसिसनं झालं. हनुवटीचे वाकड्या मुळांचे हट्टी केस मात्र ब्लेंडनंच गेले.

आता हात. पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेले (नाव नको) तिथे प्रत्येक केस ओढल्याची कळ जायची. सुई बरोबर बसली आणि मूळ नीट जळलं, तर चिमट्यात केस लोण्यातून निघावा तसा येतो, ओढ जाणवत नाही. ओढ जाणवली म्हणजे तुम्ही महागातलं थ्रेडिंग करून घेताय. अलकापुरीच्या बाजूला आता जिथे जाते, तिथल्या बेन भिंगातून बघतात, केसाच्या जाडीप्रमाणे सुई बदलतात आणि टोक सोडून बाकी वेष्टन असलेली सुई वापरतात, म्हणजे वरची कातडी कमी भाजते. लागून असलेले केस त्या एका दमात घेत नाहीत. एक इथला, एक तिथला. एकाच जागी उष्णता साठली की दुखणंही वाढतं आणि डागही राहतो. दर थोड्या वेळानं विचारतात, ‘दुखे छे?’ हो म्हटलं की खरंच मशीन कमी करतात. याचे पैसे द्यायला मी तयार आहे.

क्रीम म्हणजे २.५ टक्के लिडोकेन आणि २.५ टक्के प्रिलोकेन असलेलं, केमिस्टकडे मिळतं, पण स्किनच्या डॉक्टरला विचारूनच घ्या. जाड थर, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, साधारण तासभर. नुसतं चोळून पंधरा मिनिटांत निघालात तर उपयोग शून्य. कातडी पांढुरकी पडते, घाबरू नका. वरचं टोचणं जातं, खोलवरचा चटका अर्धामुर्धा राहतो. आणि कृपा करून मोठ्या भागावर थापून फिल्म गुंडाळू नका. हे औषध रक्तात जातं. जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते, झटके आणि हृदयाचा त्रासही होऊ शकतो. हनुवटी नाही तर ओठ, एका वेळी एकच.

गोळीचं म्हणाल तर मला ॲसिडिटी आहे, म्हणून जेवून पॅरासिटामॉल, सिटिंगच्या तासभर आधी. ॲस्पिरिन मनानं घेऊ नका, रक्त जास्त येतं. पाळीच्या आसपासच्या दिवसांत तोच चटका मला दुप्पट लागतो, म्हणून तारीख पाळी संपल्यावरची घेते. आदल्या दिवशी भरपूर पाणी, आणि त्या दिवशी चहा एकच. मराठी घरात हे शेवटचं सगळ्यात अवघड.

अप्परलिपचा नाकाखालचा मधला खळगा ही खरी परीक्षा. डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, शिंक येते, आणि शिंक आली तर सुई आत असताना काय? हात वर करायचा, ही आमची ठरलेली खूण. तिथे आम्ही दहा मिनिटांवर जात नाही. मग हनुवटी, मग जमलं तर परत ओठ. सुई आत जाताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. डेंटिस्टकडून इंजेक्शन घेऊन ओठ करून घेणारेही असतात. मला तिथवर जावं लागलं नाही.

नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, काही तास लाली, मग बारीक खपल्या. त्या खरवडायच्या नाहीत, आपल्या रंगाला डाग लगेच पडतात. नवरात्रात गरब्याच्या घामात आणि मेकअपमध्ये हे जमत नाही, म्हणून त्या दिवसांत सुट्टी. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर असतो, त्याच्या आधीचा आठवडाही सोडते. सनस्क्रीन मात्र रोज.

एका दुखण्याला क्रीम नाही. सुईला धरायला केस थोडे वाढलेले लागतात आणि मधल्या काळात थ्रेडिंग बंद, फार तर कात्रीनं कापायचे. दांडिया बाजारातल्या एका मुंजीत मावशीनं चारचौघींत हनुवटीला हात लावून विचारलं, ‘अगं, पार्लरला जात नाहीस का हल्ली?’ तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. आता ती स्वतःच्या हनुवटीसाठी माझ्याकडून पत्ता मागतेय.

हनुवटी बरीच मोकळी झालीये, ओठ निम्मा बाकी आहे. केस सगळे एकदम नाही, आळीपाळीनं वाढतात, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष धरूनच चला. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढतात का, आधी चार-सहा केसांची ट्रायल देतात का, आणि पैसे मिनिटांवर की केसांवर. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टर.