कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नव्या संगणकावर नेताना: जुनंच ब्लू आयरिस ठेवायचं की फ्रिगेटकडे जायचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या जुन्या संगणकांवर चालतं, त्यातल्या बऱ्याच संगणकांचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. मशीन बदलायचंच आहे, तर ब्लू आयरिस हे विंडोजवरचं विकतचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर सोडून फ्रिगेट हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं का, असा प्रश्न सध्या अनेकांपुढे आहे.

बहुतेकांचा जीव जुन्या फुटेजमध्ये अडकतो. तो तिथून सोडवा. सेकंदाला ४ मेगाबिट (४ एमबीपीएस) डेटा पाठवणारा एक कॅमेरा सलग चालला की दिवसाला साधारण ४३ जीबी भरतात. असे चार कॅमेरे असले की २ टीबीची डिस्क बारा दिवसांच्या आत भरते आणि जुनं पुसून नवं चढायला लागतं. म्हणजे हे फुटेज तसंही जाणारच होतं. जपायची असते ती बसवलेली घडी: कोणत्या कॅमेऱ्याचा कुठला भाग बघायचा, रात्री किती संवेदनशील ठेवायचं, पावसात काय दुर्लक्षित करायचं. मुंबईच्या पावसाळ्यात इन्फ्रारेडच्या उजेडात चमकणाऱ्या सरी आणि काचेसमोर घुटमळणारे किडे यांनी रात्रभर अलर्ट वाजतात. ते शांत करायला जी मेहनत घेतलेली असते, तीच खरी वाचवायची.

ब्लू आयरिस वापरत असाल, तर ही मेहनत जवळजवळ जशीच्या तशी पुढे जाते. त्याच्या सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवायच्या त्याच्या आतल्या नोंदवहीत, असतात. एक्स्पोर्ट केल्यावर एक फाइल मिळते, ती नव्या मशीनवर इम्पोर्ट करायची. तीत कॅमेऱ्यांची सगळी माहिती असते, त्यामुळे ती सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. लायसन्स मात्र जुना संगणक चालू असतानाच तिथून डिअ‍ॅक्टिव्हेट करा. यानंतर लोक अडकतात ते ड्राइव्हच्या अक्षरावर. जुन्या मशीनवर रेकॉर्डिंग डी ड्राइव्हवर जात होतं आणि नव्यावर तीच डिस्क ई म्हणून दिसली, तर सॉफ्टवेअर डीच शोधत बसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी अक्षर बदला, इम्पोर्ट त्यानंतर करा. दुसरी गोष्ट हार्डवेअर डिकोडिंगची, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याची. जुनं मशीन इंटेलचं आणि नवं एएमडीचं असेल, तर क्विक सिंक या इंटेलच्या सोयीची सेटिंग सोबत येईल, पण कामाची राहणार नाही. ती बदलून घ्या.

फ्रिगेट मोफत आणि ओपन सोर्स आहे, पण त्याला लिनक्स आणि डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवण्याची सोय) लागतं. विंडोजवर ते ओढूनताणून चालवू नये. ब्लू आयरिसच्या सेटिंग त्यात इम्पोर्ट होत नाहीत, सगळं नव्याने कॉन्फिग फाइलमध्ये लिहावं लागतं. त्या बदल्यात माणूस, गाडी, मांजर वेगवेगळं ओळखण्याची सोय मुळातच मिळते. नव्या मिनी पीसीत इंटेलचा ग्राफिक्स असेल, तर ओपनव्हिनो या इंटेलच्या सॉफ्टवेअरवर हे ओळखण्याचं काम होतं, वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. पुढच्या वेळचं स्थलांतर तर फारच सोपं: कॉन्फिगचा फोल्डर, त्यातला डेटाबेस आणि मीडियाचा फोल्डर उचलला की झालं. रेकॉर्डिंगच्या फोल्डरांची नावं यूटीसी वेळेनुसार (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असतात, हे ध्यानात ठेवा. पहाटे २ ची घटना आदल्या तारखेतल्या ‘२०’ या तासाच्या फोल्डरात सापडेल. स्क्रीनवर मात्र आपलीच वेळ दिसते.

एका बाबतीत दोन्हींची मर्यादा सारखीच आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आपल्याकडे दारावरच्या कॅमेऱ्यात समोरच्या काकूंचं दार हमखास येतं. तो भाग सॉफ्टवेअरमध्ये झाकला की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं. फ्रिगेट कॅमेऱ्याचा प्रवाह जसाच्या तसा साठवतं, ब्लू आयरिसही ‘डायरेक्ट टू डिस्क’ या रेकॉर्डिंगच्या पद्धतीत तेच करतं. त्यामुळे तो पडदा फाइलमध्ये उतरतच नाही, काकूंचं दार रेकॉर्ड होत राहतं. प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा भाग झाकणारा पडदा, थेट कॅमेऱ्याच्या आतल्या सेटिंगमध्ये लावा. मग संगणक कितीही बदला, शेजाऱ्यांचा खासगीपणा अबाधित राहतो.

लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दुकानदार सरळ एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी तयार पेटी, सुचवेल. ज्या घरात संगणकाशी झटणारं कोणी नाही, तिथे तो सल्ला योग्य आहे. फक्त जुनी डिस्क त्या पेटीत घालू नका, ती फॉरमॅट मागेल आणि फुटेज जाईल.

माझं मत स्पष्ट आहे. फोनवर कॅमेरा आई-बाबा बघत असतील आणि सगळं नीट चालू असेल, तर ब्लू आयरिसच हलवा. त्यांना नवं अ‍ॅप शिकवण्याचा त्रास फ्रिगेट फुकट असल्याच्या फायद्यापेक्षा महाग पडतो. घरात लिनक्सची सवय असलेलं कोणी आहे, होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच चालू आहे आणि खोट्या अलर्टांनी जीव मेटाकुटीला आलाय, तर फ्रिगेटसाठी एक-दोन शनिवार-रविवार द्या. ते वसूल होतील.

काहीही निवडा, बदल करताना जुना संगणक बंद करून त्याचाच आयपी (घरच्या नेटवर्कवरचा पत्ता) नव्याला द्या, म्हणजे फोनमधले पत्ते आणि कॅमेऱ्यांची वेळ जुळवण्याची सोय मोडत नाही. स्लीप बंद करा. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल अशी सेटिंग ठेवा. चोरी किंवा भांडणाची पोलिसांत तक्रार झालेली असेल, तर जुनी डिस्क पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) लिहावी लागते. प्रकरण मिटेपर्यंत ती डिस्क काढून, तारीख लिहून, कपाटात वेगळी ठेवा.