मिश्र सुताचा एचएसएन ठरवून देणारी गांधीबागेतली सेवा: कधी घ्यावी, कधी नको

नागपुरात गांधीबागेतल्या एका कर सल्लागाराकडे मिश्र सुताचा एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) लेखी ठरवून मिळतो. सोबत मिलचं प्रमाणपत्र, खरेदीचं बिल आणि वेगवेगळ्या कोनमधून काढलेला नमुना द्यावा लागतो. साधं 65:35 पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) असेल तर इथे पैसे घालवू नका. पॉलिएस्टर वजनाने जास्त, म्हणून 5509 (सिंथेटिक आखूड तंतूंचं सूत), विषय संपला. तीन तंतूंचं मिश्रण असेल तर मात्र ही सेवा जरूर घ्या.

कॉटन 40, पॉलिएस्टर 35, व्हिस्कोस 25 असलेलं सूत घ्या. एकेक तंतू पाहिला तर कॉटन मोठं दिसतं, म्हणून बाजारात बिल सर्रास 5206 (कॉटन जास्त असलेलं मिश्र सूत) वर फाडतात. ते चूक आहे. टॅरिफच्या (मालाच्या वर्गीकरणाच्या सरकारी यादीच्या) अकराव्या विभागातल्या टीप 2 प्रमाणे आधी प्रकरण ठरतं आणि तिथे 54 व 55 ही मानवनिर्मित तंतूंची प्रकरणं मिळून एकच धरायची. पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिळून 60, कॉटन 40; प्रकरण 55. मग त्याच्या आत 35 विरुद्ध 25, म्हणून 5509. इथल्या टिपणात हे पायरीपायरीने लिहिलेलं असतं, थेट अधिकाऱ्यापुढे ठेवता येईल असं. बरोबर 50:50 पीसीलाही नियम नीट लावतात: बरोबरी झाली की क्रमाने शेवटचं शीर्षक (चार अंकी क्रमांक), 5509.

उणीव एकच, पण मोठी. चाचणीचे टक्के कोरड्या वजनावर आहेत की ओलावा धरून, हे टिपणात येत नाही. प्रयोगशाळेत 75 टक्के गंधकाम्लात कॉटन विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर तोलतात. कोरडं वजन पॉलिएस्टर 51, कॉटन 49 आलं, तर प्रमाणित ओलावा (पॉलिएस्टर 0.4, कॉटन 8.5 टक्के) धरल्यावर तेच 51.2 आणि 53.2 होतं. कॉटन वरचढ, शीर्षक 5206! पॉलिएस्टर कोरड्या वजनावर 50 ते 52 टक्क्यांत असेल तर दोन्ही आकडे मागून घ्याच.

22 सप्टेंबर 2025 पासून 5206 आणि 5509 या दोन्ही सुतांवर 5 टक्केच जीएसटी आहे. त्याआधी कृत्रिम तंतूच्या सुतावर 12 होता. 10 लाखांच्या मालावर 70,000 चा फरक, आणि जुन्या काळाच्या नोटिशीत तोच निघतो.

ॲडव्हान्स रूलिंगचा (कराच्या प्रश्नावर आगाऊ मिळणाऱ्या अधिकृत निर्णयाचा) एआरए-01 अर्जही इथे भरून मिळतो. शुल्क केंद्राचं 5,000 आणि राज्याचं 5,000. निर्णय फक्त अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधतो, शेजारच्या दुकानाचा आपल्याला चालत नाही. अर्ज पाठवण्याआधी चाचणीच्या अहवालात वजनाचा आधार (कोरडं की ओलावा धरून) लिहून घ्या.