क्रूझ गोव्याला थांबली तर बस पकडू नका, वास्कोत उतरा

आमची क्रूझ मुंबईहून संध्याकाळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला लागली. गोव्याला म्हणजे मुरगाव बंदरात, वास्कोच्या टोकाला. सहलींच्या काउंटरवर आदल्या रात्रीच गर्दी झाली होती. कलंगुट-बागाची बस, जुन्या गोव्याच्या चर्चची बस, मांडवीतली बोट. वास्कोत बघण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काही नाही सर, नुसतं बंदर आहे." बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं कोणी पुढच्या हंगामात असल्या क्रूझवर जाणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्या पोराचं ऐकू नका. बसचे पैसे भरू नका. त्या दिवसाचा खरा माल वास्कोतच आहे.

कलंगुट आपल्याला काय नवीन? चोर्ला घाट उतरून वर्षातनं कितीदा तरी आपण जातोच. मुरगाव बंदरापासून ते चाळीस किलोमीटरच्या वर. जहाजाच्या बसनं जाऊन-येऊन तीन तास सहज जातात, आणि किनाऱ्यावर पाय टेकतो न टेकतो तोच परतायची घाई सुरू होते. आमचे साडू आणि मेहुणी त्या बसनं गेले होते. निम्मा दिवस रस्त्यातच गेला म्हणून दोघंही हळहळत होते. मी आणि आमची मंडळी मात्र वास्कोतच थांबलो.

जहाज बंदरात शिरताना डेकवर उभं राहायलाच पाहिजे, त्यासाठी पहाटे उठा. डाव्या हाताला आग्वादचा किल्ला दिसतो, मग मांडवीचं मुख, काबोची टेकडी, दोना पावल. उजव्या हाताला मुरगावचं पठार आणि त्याच्या पायथ्याशी क्रेन, बार्ज, मालगाड्या. मधल्या जुवारीच्या मुखातनं जहाज अगदी सावकाश आत जातं. रस्त्यानं गोव्याला जाणाऱ्याला हा गोवा कधीच दिसत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी याच पाण्यात पोर्तुगीजांची 'अफोन्सो द आल्बुकर्क' ही युद्धनौका आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बिआस या जहाजांशी लढली आणि मार खाऊन दोना पावलच्या बाजूला किनाऱ्याला लागली. त्या मोहिमेतली सतरावी इन्फंट्री डिव्हिजन बेळगावात जमली होती. आमच्या वडिलांच्या पिढीनं लष्कराच्या गाड्यांच्या रांगा डोळ्यांनी बघितल्या होत्या आणि त्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. डेकवर उभं राहून ते पाणी बघताना मला वडिलांची फार आठवण आली.

बाहेर पडायचं कसं ते सांगतो. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, जहाजाची बस गेटपर्यंत सोडते. जहाजाचं कार्ड आणि आधार दोन्ही खिशात असू द्या, गेटवर बघतात. बाहेर टॅक्सीवाले दिवसभराचा दर सांगतात. दर सांगितला म्हणून लगेच बसू नका, गाव तिथनं चार-पाच किलोमीटरच आहे. बंदराच्या वरच्या सड्यावरनं वास्कोला खासगी मिनीबस सारख्या जात-येत असतात. एकटे असाल तर पायलट घ्या, म्हणजे गोव्यातली मोटरसायकलची टॅक्सी, पिवळ्या मडगार्डची.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोळसा. लोखंडाच्या खनिजासाठी गाजलेल्या या बंदरात आता परदेशातनं आलेला कोळसा उतरतो आणि रेल्वेनं घाट चढून, आपल्या लोंढ्यावरनं, कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोतली माणसं काळ्या धुळीविरुद्ध कितीतरी वर्षं भांडतायत. खिडकीच्या गजांवरनं बोट फिरवलं की ती का भांडतात ते कळतं. या थांब्याला मी पाचपैकी चार देतो. जो एक कापला तो या धुळीचा, आणि त्यात त्या गावाची काही चूक नाही.

आता बाजार. माझा धंदा भाजीचा. बेळगावच्या भाजी मार्केटात आमचं अडतीचं दुकान आहे. कडोली, कंग्राळी, उचगाव भागातला माल आमच्याकडनं गोव्याला जातो. रात्री क्रेट भरले की टेम्पो चोर्ल्यानं नाहीतर अनमोडनं उतरतात आणि उजाडायच्या आत तिकडच्या बाजारांत पोचतात. पावतीवर वास्को हे नाव मी इतक्यांदा लिहिलंय, खरं माल शेवटी ज्या फळीवर बसतो ती फळी कधी बघितली नव्हती. पणजी-म्हापशाला कामानिमित्त जाणं व्हायचं, वास्को तेवढं राहून गेलं होतं.

स्टेशनजवळचा, स्वातंत्र्यपथाच्या आसपासचा हा बाजार सकाळीच गाठावा. फुलं, केळी, सुकी मासळी, नारळ, आणि मधोमध आपला सगळा संसार: कोबी, फ्लॉवर, गाजर, बीन्स, ढब्बू, नवलकोल, कोथिंबिरीच्या पेंड्या. फ्लॉवरची पानं कशी कापलीत त्यावरनं माल कुठल्या गावचा ते मला ओळखू येतं. एका फळीपाशी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो तेव्हा विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय बघताय काका? कुठलं तुम्ही?"

"कडोलीचा. बेळगावात अडत हाय आमची."

"व्हय? मी नंदगडची. मग माल तुमचाच की हो! खरं बोटीतनं उतरून भाजी बघायला आलेलं कोण बघितलं नव्हतं मी."

लगेच त्यांनी आमच्या मंडळींना स्टूल दिलं, "बसा अक्का" म्हणाल्या, आणि मला क्रेट उपसून दाखवायला लागल्या. ढब्बू वरनं चकचकीत, खालच्या थरात दबलेली. कोथिंबीर मधे काळी पडलेली. घाटातली वळणं आणि गाडीतला उकाडा, दोन्हींचा मार खालच्या थराला बसतो. "खाली पिंजर टाका की काका जरा, आणि कोथिंबीर उभी भरा. आडवी भरली की जळते ती." बेळगावच्या हवेत भरलेला माल समुद्राच्या दमट हवेत किती लवकर खराब होतो, हे दुकानात बसून कळत नाही. परत आल्यावर आम्ही वास्कोची कोथिंबीर उभी भरायला लागलो आणि पलीकडनं तक्रारी कमी झाल्या.

भाव आमच्या मार्केटच्या दुपटीच्या पुढे होता. पहिल्यांदा चटका बसला. मग गाडीभाडं, हमाली आणि त्या खालच्या थरातली घट धरली तेव्हा त्यांना काय उरतं ते दिसलं. जवळच गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाचा गाडा होता. तिथं सवलतीच्या दरानं भाजी मिळते, आणि तीही बरीचशी बेळगावकडचीच असते. गोवेकराच्या ताटातली भाजी कुठनं येते ते इथं डोळ्यांनी दिसतं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी एकदा तरी हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

त्या बाजारात उभं असताना एक जुनी हकीकत आठवत होती. १९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, घाटातली रेल्वे बंद पडली, आणि बेळगावचा माल खाली जाईना. तेव्हा पोर्तुगीजांनी बटाटे हॉलंडहून आणले, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातनं, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. सात समुद्रांपलीकडचा बटाटा बोटीनं, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा आपला बटाटा घाटावर अडकलेला! १९६१ला गोवा मुक्त झाला आणि हे संपलं. धंद्यातल्या माणसाला रस्ता बंद होणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आणि तो रस्ता जुना आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला आणि त्यानंतरच्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. तिथं ती लोंढ्याहून आलेल्या इंग्रजांच्या रेल्वेला जोडली गेली. खानापूर तालुक्यातलं आपलं लोंढा मोठं जंक्शन झालं ते या बंदरामुळं. वास्को स्टेशनवर पाच मिनिटं नुसते जाऊन बसा. निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस इथनंच सुटते आणि लोंढा, बेळगाव करत वर जाते. जहाजातनं उतरलेल्या माणसानं त्या पाटीवर आपल्या गावाचं नाव वाचणं, यात मला फार समाधान वाटलं.

खायचं म्हणाल तर बाजारालगतच्या कुठल्याही साध्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि गरम बन घ्या. जहाजावरच्या बुफेत पन्नास पदार्थ असतात, खरं सकाळी त्या पातळ भाजीची चव मला जास्त आवडली. पांढऱ्या वाटाण्यांची, नारळ वाटून केलेली भाजी, त्यात कोवळा पाव बुडवायचा. दुपारी मासळीची थाळी: उकड्या तांदळाचं शीत, बांगड्याचं हुमण म्हणजे आमटी, सुक्या मासळीचं किसमूर, तिसऱ्या, सोलकढी. आपल्या बेळगावात गोव्याची मासळी येते ती बर्फातनं येते. इथं खारीवाड्याच्या बाजूला ट्रॉलर लागतात तिथं तीच मासळी टोपल्यांतनं उतरताना दिसते. आमची मंडळी एरवी मासळीला नाक मुरडतात, त्यांनी हुमण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दामोदराच्या देवळात डोकं टेकवून पुढं निघालो. प्लेगच्या साथीत वास्कोकरांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथला प्रसादाचा नारळ आणून भजन केलं, तेव्हापासून दर श्रावणात इथं अखंड चोवीस तासांचा भजनी सप्ताह होतो. श्रावणात समुद्र खवळलेला असतो, क्रूझ नसतात, म्हणून त्यासाठी घाटानंच यावं लागेल. आमचं तसं ठरलंय.

नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर आहे, रिक्षा मिळते, तिकीट अगदी थोडं. बाहेर मोकळ्या मैदानात खरी विमानं उभी आहेत: सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर, कामोव्ह हेलिकॉप्टर. सी हॉक आणि अलिझे १९७१च्या युद्धात विक्रांतवरनं उडून चितगाव, कॉक्स बाजारवर गेले होते. तिथंच एक प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन विमान आहे. आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, शेवटी नौदलाचं. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हवाई तळावरनं उडणारी विमानं बघत लहानपण गेलेल्या माणसाला इथनं पाय निघत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावातली पोरं घेऊन आलात तर दोन तास कमी पडतील. आतली दालनं जुनी झालीत, काही पाट्या पुसट आहेत, त्या नव्यानं रंगवायला पाहिजेत.

सड्यावरचा मुरगावचा किल्ला आता नावालाच उरलाय. १६२४चं बांधकाम, थोडी तटबंदी, बाकी झाडी. १६८३ला संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली तेव्हा पोर्तुगीजांच्या विजरईला, म्हणजे व्हाइसरॉयला, जुन्या गोव्यात राहणं धोक्याचं वाटायला लागलं आणि राजधानी इकडं मुरगावला हलवायचा बेत झाला, कामंही सुरू झाली. शेवटी राजधानी गेली ती पणजीला, १८४३ साली. ही गोष्ट सांगणारा एक फलक जरी तिथं लावला तरी आपल्याकडची माणसं मुद्दाम वाकडी वाट करून येतील. सड्याच्या कठड्यावरनं खाली सगळं बंदर दिसतं आणि आमचं जहाजही दिसत होतं. दुसऱ्या महायुद्धात याच पाण्यात तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तटस्थ बंदर म्हणून आसऱ्याला होती. त्यातल्या 'एहरेनफेल्स'वरनं गुप्त वायरलेसनं दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळवला जातो असा इंग्रजांना संशय होता. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्त्याच्या लाइट हॉर्स पलटणीतली, वयानं पिकलेली, एरवी व्यापार-नोकरी करणारी माणसं बार्जमधनं येऊन त्या जहाजावर चढली. खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली. आज तिथं मच्छीमारांचे पडाव आणि कोळशाचे बार्ज असतात.

ज्यांना फक्त वाळू आणि पाणी पाहिजे त्यांनी बोगमाळोला जावं, संग्रहालयापासून जवळ आहे. बायणाचा किनारा गावातच आहे, खरं पोहायला मला तो बरा वाटला नाही. गुडघे दुखत असतील तर सड्याची चढण रिक्षानं करा. जहाजावर परतायची जी वेळ सांगतात तिच्या तासभर आधी गेटवर या, कारण शेवटी तपासणीची रांग लांब होते. संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच थांब्याचा वार बघून घ्या. आणि भाजीच्या धंद्यातलं कोणी असेल तर उतरल्या उतरल्या आधी बाजार गाठा. दहानंतर पालेभाजी संपते आणि क्रेट मोकळे होऊन एकावर एक लागतात.