घरांच्या जाहिरातींचा स्कीमा तपासणारी दोन साधनं: हिरवी खूण कुठवर पुरते

फ्लॅटच्या पानावर स्कीमा, म्हणजे पानावरची माहिती शोधयंत्राला समजेल अशी मांडणारा कोड, टाकला की बहुतेक जण तो गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये तपासतात. तिथे एकही आयटम सापडला नाही असं उत्तर आलं की कोड बिघडला असं समजून तो उपसायला घेतात. बऱ्याचदा कोडात काहीच बिघडलेलं नसतं. ही टेस्ट फक्त गूगलच्या शोधात खास दिसू शकणारे प्रकार ओळखते, आणि घराची विक्री किंवा नेहमीचं भाडं हा प्रकार त्या यादीत नाही. सुट्टीसाठी दिवसांवर मिळणारी घरं आहेत, पण तो वेगळा विषय. म्हणून मालमत्तेच्या पानांसाठी पहिलं साधन स्कीमाचा शब्दसंग्रह ठरवणाऱ्या स्कीमा डॉट ऑर्गचं स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर असायला हवं. गूगलची टेस्ट त्यानंतर. दोन्ही मोफत आहेत, आणि दोन्ही मिळूनही अर्धंच काम करतात.

व्हॅलिडेटर आला २०२१ मध्ये, गूगलचं जुनं तपासणी साधन मोडीत निघालं तेव्हा. पत्ता द्या किंवा कोड चिकटवा, पानावर सापडलेली प्रत्येक वस्तू तो झाडासारखी उलगडून दाखवतो. मालमत्तेसाठी हेच त्याचं बळ आहे. 'रिअल इस्टेट लिस्टिंग' हा शब्दसंग्रहात वेब पानाचा उपप्रकार आहे, घराचा नाही. घर म्हणजे 'अपार्टमेंट' किंवा 'हाउस'. हा फरक न कळल्यामुळे बेडरूमची संख्या थेट लिस्टिंगला चिकटवली जाते, आणि हा गुणधर्म या प्रकारासाठी ओळखीचा नाही अशी तक्रार व्हॅलिडेटर दाखवतो. तक्रार अगदी रास्त आहे. बेडरूम घराला असतात, पानाला नसतात.

चालणारी मांडणी अशी: वर रिअल इस्टेट लिस्टिंग, त्यात जाहिरात टाकल्याची तारीख आणि 'ऑफर्स' (किंमत, उपलब्धता वगैरे), मग 'मेन एन्टिटी'खाली, म्हणजे पानाचा मुख्य विषय म्हणून, अपार्टमेंट, आणि त्यात बेडरूम, बाथरूम, मजला, क्षेत्रफळ, पत्ता, अक्षांश-रेखांश. उलट बाजूने, म्हणजे ऑफरच्या 'आयटम ऑफर्ड'मध्ये अपार्टमेंट घालून, करायला गेलात तर तिथे अपार्टमेंट हा प्रकार अपेक्षितच नसतो. मग लोक त्याला 'प्रॉडक्ट', म्हणजे दुकानातली वस्तू, हा प्रकारही लावतात, आणि तिथून पुढची कटकट सुरू होते. गुणधर्मांची नावं कोडात रोमन लिपीत, शब्द जोडून, दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर कॅपिटल करून लिहायची. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही. बाथरूमसाठी 'नंबर ऑफ बाथरूम्स टोटल' आहे. नुसतं 'बाथरूम्स' लिहिलंत तर ती नसलेली गोष्ट झाली. टू बीएचके असेल तर 'नंबर ऑफ बेडरूम्स'मध्ये २ लिहा आणि 'नंबर ऑफ रूम्स' सोडून द्या. हॉल आणि किचन मोजायचं की नाही यावर एकाच साइटवर दोन पानं दोन आकडे देतात.

क्षेत्रफळात व्हॅलिडेटरचा उपयोग संपतो आणि तुमची जबाबदारी सुरू होते. 'फ्लोअर साइज'मध्ये आकडा आणि एककाचा कोड द्यायचा: चौरस फुटासाठी एफटीके, चौरस मीटरसाठी एमटीके. महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या साइटवर, कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये असतो, पानावर चौरस फूट छापलेले असतात, आणि डेटाबेसमधून नेमका दुसराच रकाना उचलला जातो. ६० चौरस मीटरचा फ्लॅट '६०, एफटीके' झाला तरी व्हॅलिडेटर चूक दाखवत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. ६० ला १०.७६४ ने गुणून सुमारे ६४६ येतात का, हे आपणच पाहायचं. बिल्ट-अप की कार्पेट, हेही स्कीमाला कळत नाही. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेट एरियामध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. फ्लोअर साइजमध्ये हाच आकडा द्या. बिल्ट-अप दाखवायचाच असेल तर 'ॲडिशनल प्रॉपर्टी'मध्ये नाव लिहून वेगळा द्या. 'कार्पेट एरिया' असा नवा गुणधर्म स्वतः बनवू नका.

किमतीत मराठी साइटचा एक खास खड्डा आहे. पानावर '८५ लाख' किंवा '८५,००,०००' लिहिणं योग्यच आहे, कारण वाचणारा माणूस आहे. कोडात मात्र किंमत साध्या इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामाशिवाय लागते, आणि चलन आयएनआर हे वेगळ्या गुणधर्मात. आकडे देवनागरीत नकोत, असं शब्दसंग्रहाच्या सूचनांतूनच निघतं. पण किंमत मजकूर म्हणूनही स्वीकारायची तरतूद असल्यामुळे चुकीची किंमत व्हॅलिडेटरमधून निसटू शकते. साइटचं साचा-पान देवनागरी आकडे दाखवत असेल तर स्कीमासाठी डेटाबेसमधला मूळ आकडाच घ्या, पडद्यावरचा उचलू नका. '८५ लाखांपासून पुढे' असेल तर किमान किंमत म्हणून द्या. किंमत सांगायची नसेल तर तो गुणधर्म गाळा. ० किंवा १ लिहिलेली पानं पुढे किंमत-गाळणीत सगळ्यात वर येऊन बसतात.

भाड्याच्या पानांवर याहून मोठी चूक होते. २८,००० हा आकडा नुसता 'प्राइस'मध्ये टाकला की यंत्रासाठी तो २८ हजारांत विकायला काढलेला फ्लॅट होतो. 'बिझनेस फंक्शन' भाड्याने देणे असा लावा आणि किंमत 'युनिट प्राइस स्पेसिफिकेशन'मध्ये दरमहा म्हणून द्या. महिन्याचा कोड एमओएन. अनामत रक्कम भाड्यात मिसळू नका. महाराष्ट्रातल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी लिस्टिंगमध्ये सोयीची जागा आहे: 'लीज लेंग्थ'मध्ये पी११एम, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. ही सोय फार थोड्या साइट वापरतात, खरं तर भाडेकरू सगळ्यात आधी हेच विचारतो.

अक्षांश-रेखांश उलटे पडणं ही दुसरी नेहमीची चूक. नकाशाच्या काही फायलींमध्ये रेखांश आधी असतो, तिथून आकडे जसेच्या तसे आले की पुण्याचा १८.५२, ७३.८५ हा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. दोन्ही साधनं याला काही म्हणत नाहीत. महाराष्ट्रातल्या पत्त्यासाठी अक्षांश साधारण १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ मध्ये आहे का, एवढी एक अट आपल्या कोडात घालून ठेवली तरी हा प्रकार कायमचा थांबतो. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. ०७/०३ हे सात मार्च की तीन जुलै, हे यंत्राने ओळखावं अशी अपेक्षा नको.

आता गूगलची टेस्ट. तिचा खरा फायदा वेगळाच आहे: गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, पान कसं दिसलं ते ती दाखवते. स्कीमा टॅग मॅनेजरमधून (बाहेरून पानात कोड घालणारं साधन) किंवा जावास्क्रिप्टने नंतर घातला असेल तर तपासलेलं पान उघडून तिथलं एचटीएमएल कॉपी करा आणि ते व्हॅलिडेटरच्या कोडच्या खान्यात चिकटवा. प्रत्यक्ष पोहोचलेला स्कीमा तपासण्याची ही सर्वात भरवशाची वाट. शिवाय ब्रेडक्रम्ब, म्हणजे शहर, उपनगर, प्रकल्प अशी साखळी, ही टेस्ट नीट तपासते. मालमत्तेच्या पानाला गूगलमध्ये दिसणारा लाभ असलाच तर तो इथे आहे. जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांत ही साखळी दिसत नाही, डेस्कटॉपवर दिसते. प्रश्नोत्तरांचा स्कीमा घालून जागा मिळवण्याची वाट ऑगस्ट २०२३ पासून बंद झाली. ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतीच राहिली. कुणी आजही ती विकत असेल तर पैसे देऊ नका.

याच टेस्टमध्ये हिरवी खूण मिळावी म्हणून फ्लॅटला प्रॉडक्ट करून त्याला ४.९ तारे चिकटवलेले तयार थीममध्ये सर्रास दिसतात. टेस्ट ते पास करते, कारण ते रेटिंग पानावर कुणी दिलंय का हे ती पाहत नाही. गूगलचा नियम मात्र स्पष्ट आहे: पानावर न दिसणारं किंवा दिशाभूल करणारं मार्कअप चालत नाही. मॅन्युअल कारवाई, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, झाली तर त्या पानांचे रिच रिझल्ट, म्हणजे शोधातलं खास दिसणं, जातात. घर घेणाऱ्या माणसाची आयुष्याची जमापुंजी लागलेली असते, तिथे खोटे तारे लावणं मुळातच चुकीचं आहे. थीम बदलता येत नसेल तर तो तुकडा बंद करा.

दोन्ही साधनं जिथे सारखी चोख आहेत, ती जागा म्हणजे फुटलेलं जेसन, म्हणजे स्कीमा ज्या रचनेत लिहितात तीच मोडलेली. मूळ कारण बहुधा वर्णनात असतं: '२४ इंच' ऐवजी अंकापुढे दुहेरी अवतरणचिन्ह टाइप केलेलं, वर्डमधून आलेली वाकडी अवतरणं थेट कोडात, किंवा मजकुरात मधेच नवी ओळ. एक अवतरण चुकलं की पूर्ण तुकडा वाचला जात नाही. वर्णन हाताने जोडू नका. तुमच्या भाषेतल्या जेसन बनवणाऱ्या फंक्शनमधूनच काढा. मराठी मजकूर यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत बिनधास्त ठेवता येतो.

महारेरा क्रमांकासाठी स्वतंत्र गुणधर्म नाही. 'आयडेंटिफायर'मध्ये 'प्रॉपर्टी व्हॅल्यू' घालून नाव आणि 'पी'ने सुरू होणारा क्रमांक द्या. व्हॅलिडेटर ते बिनतक्रार घेतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक ठळक दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तेव्हा हा क्रमांक डोळ्यांना दिसेल असा पानावर हवाच. कोडातला क्रमांक ही त्याची जागा नव्हे. प्रकल्पाचा क्रमांक आणि एजंटचा क्रमांक यांची अदलाबदल मात्र कुठलंच साधन पकडत नाही.

विकल्या गेलेल्या फ्लॅटकडेही दोन्ही साधनं कानाडोळा करतात. पानावर 'विकला गेला' आणि कोडात अजून 'इन स्टॉक', ही विसंगती महिनोन्महिने राहते, कारण पट्टी हाताने लावली जाते आणि स्कीमा साच्यातून येतो. दोन्ही एकाच रकान्यावरून काढा: स्थिती बदलली की ऑफरमधली उपलब्धता त्याच क्षणी 'सोल्ड आउट' झाली पाहिजे. आठवड्यातून एकदा विकलेल्या यादीतली पाच पानं उचलून व्हॅलिडेटरमध्ये घाला आणि उपलब्धता, किंमत आणि क्षेत्रफळ या तीन ओळी पानाशी ताडून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.