शेवटची टिक जाते कुठे? डेटाग्रिडव्ह्यूचा चेकबॉक्स कॉलम, आठ महिन्यांनंतर

सकाळी साडेसातला दूध संस्थेच्या क्लार्कचा फोन. "साहेब, दहा दिवसांचं बिल काढलं, पण यादीतला शेवटचा सभासद परत राहिला. दारात उभा आहे तो." ते 'परत' मला झोंबलं. मागच्या दोन्ही वेळी मीच त्यांना सुनावलं होतं, "टिक पडली नसेल, नीट दाबा."

टिक पडत होती. जमा होत नव्हती.

त्यांच्या प्रोग्रॅममधली ही यादी मी डेटाग्रिडव्ह्यूत बांधलीय, म्हणजे विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रोग्रॅम बनवायच्या साधनातल्या तयार तक्त्यात. त्यात टिकेचा कॉलम कसा लावायचा ते विनफॉर्म्सवाल्यांना सांगायला नको. बूलियन (हो/नाही) फील्ड असेल तर चेकबॉक्स आपोआप येतो. माझ्यासारखं 0 आणि 1 साठवत असाल तर ट्रूव्हॅल्यू, फॉल्सव्हॅल्यू (टिक म्हणजे कोणता आकडा, रिकामं म्हणजे कोणता) हाताने भरायचं. अर्ध्या तासाचं काम. म्हणूनच विकतचं ग्रिड घेतलं नाही. संस्था वर्षाला जे देते त्यातलं निम्मं त्या परवान्यातच गेलं असतं.

भानगड अशी की चौकोनात खूण लगेच दिसते, पण सेल सोडेपर्यंत ती खालच्या डेटात उतरत नाही. क्लार्कचा हात बसलेला: स्पेस, खालचा बाण, स्पेस, खालचा बाण. प्रत्येक बाणासरशी मागची टिक जमा. शेवटच्या नावाच्या खाली जायला ओळच नाही, म्हणून माउस थेट वरच्या 'जतन करा'वर. ते साधं बटण असतं तर फोकस (कीबोर्डचा ताबा) तिकडे जाऊन टिक तरी उतरली असती. माझं बटण टूलस्ट्रिपवरचं, म्हणजे बटणांच्या पट्टीतलं, आणि ते फोकस घेतच नाही. दिसायला बरं म्हणून मीच तिथे ठेवलेलं.

सेलमध्ये बदल होताच उठणाऱ्या करंटसेलडर्टीस्टेटचेंज्ड या इव्हेंटमध्ये कमिटएडिट (सेलमधला बदल लगेच डेटात उतरवायची आज्ञा) टाकलं. आधी खालची बेरीज एका टिकेने मागे असायची, ती आता टिकेसरशी हलायला लागली. एवढा खूश झालो की हे परीक्षण तेव्हाच, भरभरून कौतुकाचं लिहायला घेतलं होतं.

पुढच्या बिलाला शेवटचा सभासद पुन्हा गायब! कमिटएडिट फक्त सेलपुरतं. ओळ अजून संपादनातच असते, त्यामुळे डेटाबेसला बदल पाठवणारा ॲडॅप्टर तिला बदललेली धरत नाही. जतन करण्याआधी ग्रिडचं एंडएडिट (संपादन संपवायची आज्ञा) आणि मग ग्रिडला डेटाशी जोडणाऱ्या बाइंडिंगसोर्सचंही एंडएडिट, दोन ओळी. या दोन ओळींपायी चार वेळा एका माणसाचे दुधाचे पैसे अडकले.

तरी डेटाग्रिडव्ह्यू बदलणार नाही. स्पेसने टिक होते ही एकच गोष्ट क्लार्कला इतकी आवडलीय की बिलाच्या दिवशी ते माउसला हात लावतात तो फक्त शेवटी.

परवा त्यांनी विचारलं, "वर एकच टिक द्या की, सगळ्यांना एकदम." हेडरमध्ये चेकबॉक्स तयार मिळत नाही, स्वतः काढावा लागतो, शिवाय चालू सेल रिफ्रेशएडिट (नवी किंमत दाखवायची आज्ञा) केल्याशिवाय जुनीच खूण दाखवत बसतो. एरवी याचे वेगळे पैसे सांगितले असते. या खेपेला तोंड उघडलं नाही.