जेकच्या छातीला भोक, तरी पैसे वसूल

टर्कीचे दोन घडीचे डिकॉय, म्हणजे शिकारीत खऱ्या टर्कीला भुलवायला उभे करायचे खोटे पक्षी, एक तरुण नर (जेक) आणि एक मादी. सोबत चार खुंट्या, एक पिशवी आणि तोंडात धरून टर्कीचा आवाज काढायचा एक कॉल 'फुकट'. सगळं मिळून ११० डॉलर. दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहितेय, कारण खरेदी करताना मी जे अभिप्राय वाचले ते बहुतेक खोकं उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले दिसत होते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही.

मी कोल्हापूरची, अकरा वर्षं झाली विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत. शिकारीचा वारसा वगैरे काही नाही. बाबा बाजारातून कोंबडी आणायचे तेव्हासुद्धा मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. इथे शेजारच्या डेअरीवाल्या आजोबांनी नाद लावला. त्यांच्या लहानपणी या टेकड्यांत रानटर्की नव्हत्याच. १९७६ मध्ये मिसूरीहून आणलेले पक्षी याच काउंटीत सोडले, बदल्यात विस्कॉन्सिनने रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी दिले, आणि आता आजोबांच्या मक्याच्या धसकटांत सकाळी वीस-वीस टर्की चरत असतात. आजोबा बंदूकवाले. मी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य चालवते, ओढायला ४५ पौंडांचं, म्हणून हा सगळा डिकॉयचा संसार.

बंदूकवाला झाडाला टेकून, नळी गुडघ्यावर आधीच रोखून बसू शकतो. धनुष्य ऐन वेळी ओढावं लागतं. टर्कीला वास फारसा कळत नाही, पण नजर अशी की पन्नास पावलांवरून बोट हललेलं दिसतं. मी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या तंबूत बसते, आतून काळाकुट्ट, अंगात काळा शर्ट. तरी पहिल्या वर्षी मी नाक खाजवलं आणि समोरची मान ताडकन वर. पक्षी जवळ यायला आवाज पुष्कळ असतो. डिकॉय लागतो तो त्याची नजर दोन सेकंद दुसरीकडे अडकवायला, तेवढ्यात दोरी ओढून होते.

हे कळायला पहिला हंगाम गेला. खोक्यावरच्या चित्रात डिकॉय लांब, मोकळ्या कुरणात उभे आहेत. मी वीस पावलांवर लावले. टॉम, म्हणजे मोठा नर, आला, पण डिकॉयच्याही पलीकडे पस्तीसवर उभा राहिला, पिसारा फुलवून इकडून तिकडे मिरवला आणि निघून गेला. चित्र काढणाऱ्याने बहुधा धनुष्य हातात धरलेलं नसावं. आजोबा म्हणाले, "पोरी, खिडकीच्या तोंडाशी लाव, आणि जेकचं तोंड तुझ्याकडे कर." यंदा सात पावलांवर लावले. मोठा नर जेकला समोरून भिडायला येतो, त्यामुळे त्याची पाठ आपल्याकडे होते. वर पिसारा उभारला की त्याच्याच शेपटीमुळे त्याला मागचं दिसत नाही!

या संचातला जेक खरंच छान आहे. जेक म्हणजे एक वर्षाचा नर, आपल्याकडे म्हणतात तसं नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. छातीवर बोटभर दाढी, शेपूट अर्धीच उघडलेली, मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब, हे बारकावे त्यांनी बरोबर पकडलेत. डोक्याचा लाल आणि निळा भडक नाही. तालमीत नवीन पोरगं लांग लावून मिरवायला लागलं की जुन्या पैलवानाला जी खुमखुमी येते, नेमकी तीच टॉमला येते. भीती वाटावी इतका मोठाही नाही.

मादीबद्दल असं बोलता येणार नाही. दव पडलं की तिची पाठ रेनकोटसारखी चकाकते. घडी घालून ठेवल्यावर डाव्या कुशीवर आलेला पोचा थंडीत निघतच नाही. मी तिला गाडीच्या हीटरसमोर धरून बसायचे, येणारेजाणारे बघायचे. मॅट स्प्रे मारल्यावर चकाकी गेली, पोचा आहे तसाच.

खुंट्या म्हणजे छत्रीच्या काड्या. एप्रिलच्या कडक जमिनीत पहिलीच वाकली. शिवाय जरा वारा सुटला की दोन्ही डिकॉय गरागरा फिरतात, आणि चक्री खेळणारी टर्की कुठल्या पक्ष्याने पाहिलेली नसणार. शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकी रोवली की थोडं डोलतं, फिरत नाही. दोन सेंटचा खर्च नाही, पण कंपनीला सुचला नाही.

फुकटचा कॉल त्या भावालाच योग्य. घोड्याच्या नालेसारखी चौकट, मध्ये रबराचा पातळ पडदा. टाळूला चिकटवून जीभ आणि पडदा यांच्यामधून हवा सोडायची. पावसात चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून धनुष्यवाल्यांना सगळे हाच सांगतात. मला आठवडाभर नुसती उबळ. शिकवणारे म्हणतात, 'चॉप, चॉप' म्हणा. मी 'चहा'तला च लावत होते, नुसतं फुर्र. 'चमचा'तला च लावला आणि एकदम मादीची हाक आली, स्वयंपाकघरात, रात्री अकराला. नवरा उठून बसला. पण या कॉलचा पडदा तीन आठवड्यांत फाटला. वेगळा विकत घेतलेला दुप्पट टिकला.

बाकी वेळ मी पाटीच्या दगडाचा गोल कॉल वापरते, काडीने घासायचा. मऊ गुरगुर त्याच्यासारखी कशातच येत नाही, पण दोन्ही हात अडकतात आणि ओला झाला की मुका. आजोबांकडे लाकडी पेटीचा आहे, खडू लावून झाकण घासायचा. त्या घडणीचं पेटंट आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये घेतलं होतं. त्याचा आवाज दोन टेकड्या ओलांडतो. मला उसना मिळत नाही.

आता भोकाची गोष्ट. इथे वसंतातला हंगाम सात-सात दिवसांच्या सहा तुकड्यांत असतो. मला चौथा मिळाला. पहिल्या दिवशी, बुधवारी, पहाटे घुबड बोललं आणि ओकच्या झाडावरून टॉमने गॉबल, म्हणजे नराची आरोळी, ठोकला. उजाडल्यावर तो खाली उतरला तो माद्यांच्या मागे, माझ्या विरुद्ध दिशेला. मी थर्मासमधला चहा संपवला. नऊच्या सुमाराला, माद्या अंड्यांकडे गेल्यावर, तोच एकटा परत आला, एक शब्द न बोलता. आधी ऐकू आलं ते पिसारा फुलवताना छातीतून निघणारं ढुम्म, कानापेक्षा पोटाला जाणवणारं. मग जेकच्या समोर. चोचीवरची सोंड लोंबतेय, डोकं पांढरं पडलेलं. मी ओढलं. त्याने उडी मारून जेकला लाथ घातली, मी घाई केली, आणि बाण त्याच्या पाठीवरची चार पिसं घेऊन थेट जेकच्या छातीतून आरपार. फुगलेल्या टॉममध्ये पिसंच जास्त. मर्माची जागा मोठ्या मोसंब्याएवढी.

टॉम सुखरूप गेला. जेकला डक्ट टेप लावली, वरून तपकिरी मार्कर फिरवला. रविवारी त्याच टेप लावलेल्या जेकवर दुसरा टॉम चालून आला, पाठ माझ्याकडे, पिसारा उभा. या वेळी थांबले. २१ पौंड, पायामागची नखी इंचभर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते, ती तिथेच बसून फोनवर केली. मॅडिसनची गोव्याची मैत्रीण फोनवर ओरडली, "पेरू मारलास?" पोर्तुगीजमध्ये टर्कीला पेरू म्हणतात. आईला मात्र वाटलं बागेत झाड लावलंय. छातीचं सुक्कं झालं. तंगड्या शिरांनी भरलेल्या, त्या चार तास शिजवून तांबडा रस्सा केला. मसाला घरचाच होता.

पिशवीबद्दल मला खरा राग आहे. ती हिरवी, पानापानांच्या नक्षीची. टर्कीच्या हंगामात अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालू नये म्हणतात, कारण टॉमच्या डोक्याचे तेच रंग. आणि यांच्या पिशवीच्या तोंडातून जेकचं लाल डोकं बाहेर डोकावतं, जंगलातून ते खांद्यावर घेऊन चालायचं! मी तिच्यावर भगभगीत नारिंगी कापड शिवून घेतलं. तुम्हीही घ्या, आधी कापड, मग खुंट्या.

कंपनीला विचारलं, जेक सुटा मिळेल का. नाही म्हणाले, जोडच घ्यावा लागेल. मादी सध्या परसात उभी आहे, राखणीला म्हणून ठेवली होती. रॉबिन तिच्या पाठीवर बसून रासबेरी खातात.